तंबूतला कौल

हे लिहावं की नाही, याचा विचार करण्यातच माझे दोन महिने गेले. वर्गात सरांनी प्रश्न विचारला तर उत्तर माहीत असूनही मला उठून उभं राहवत नाही, असा मी माणूस. आमच्या घरात माझ्या आधी कुणी चौथीच्या पुढं गेलं नाही. पुस्तकं लिहिणारी माणसं वेगळी असतात, हे मला कळतं. तरीही माझ्या हातून एक गोष्ट झाली आहे आणि ती कुठंतरी लिहिल्याशिवाय माझं अभ्यासात लक्ष लागत नाही. वाचणाऱ्यांनी एवढ्यासाठी मला क्षमा करावी.

आमचं गाव निपाणीपासून कोसभर. माझा थोरला भाऊ, आण्णा, लष्करात लॉरी चालवायला भरती झाला आणि त्याच्या पगारावर मी बेळगावला कॉलेजात गेलो. तो जहाजात बसून पूर्वेकडे गेला, त्यानंतर थोड्याच महिन्यांत सिंगापूर पडलं. मग सरकारी कागद आला. तो मीच वाचून दाखवला. बेपत्ता, असं त्यात होतं.

आई म्हणाली, "म्हंजे मेला का जगला?"

"म्हणजे सापडत नाही."

"सापडत न्हाय म्हंजे हुडकलं तर सापडंल की," आई म्हणाली आणि जात्यापाशी जाऊन बसली.

लग्न होऊन वहिनीला तेव्हा वर्षच झालं होतं, मूलबाळ नव्हतं. ती निपाणीला तंबाखूच्या वखारीत पाला चाळायला जात असे. त्या कागदानंतर तिचे वडील चिकोडीकडून दर दोन-तीन महिन्यांनी येऊ लागले. आमच्यात पाट लागतो, म्हणजे बाईला दुसरं लग्न करता येतं. त्यांनी एक बिजवर पाहून ठेवला होता, स्वतःची बैलगाडी असलेला, स्वभावानं बरा. पण पंचांनी स्पष्ट सांगितलं होतं. नवरा मेल्याची खबर नाही, तेव्हा कुणी दुसऱ्यानं ठरवून चालणार नाही. माझा धनी गेला असं तिनं स्वतःच्या तोंडानं म्हटलं पाहिजे आणि स्वतःच्या हातानं काकणं फोडली पाहिजेत. तरच पाट.

दोन वर्षं वहिनी एकच उत्तर देत होती. "येतील त्ये." वडील रागावून निघून जात आणि पुन्हा येत.

एकदा ती आईला घेऊन गावच्या देवाला कौल लावायलाही गेली. गुरव देवाच्या दोन्ही अंगांना फूल चिकटवतो. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. त्या दिवशी दोघी दुपार कलेपर्यंत हात जोडून बसल्या, पण एकही फूल पडलं नाही. गुरव म्हणाला, "देवाच्या मनात न्हाय आज बोलायचं." असं कधी होत नाही म्हणतात. आई घरी येऊन जेवली नाही.

त्या उन्हाळ्यात मी सुटीला घरी आलो तेव्हा निपाणीच्या बाजारापलीकडच्या माळावर एक तंबू उभा राहिला होता. आत सिनेमा. बेळगावात खडेबाजारच्या बाजूला आम्ही बोलपट पाहत होतो, पण या तंबूच्या मालकाचं यंत्र जुनं, हातानं फिरवायचं, आणि चित्रं मुकी. मुंबईच्या कुणा कंपनीनं टाकून दिलेले फितीचे डबे त्यानं उचलून आणले होते. मुक्या चित्राला समजावून सांगणारा माणूस लागतो. तो पडद्याच्या कडेला छडी घेऊन उभा राहतो, पडद्यावरचं इंग्रजी वाचतो आणि सगळ्यांच्या वतीनं बोलतो. मालकाचा असा माणूस मिरजेला पळून गेला होता. मी इंग्रजी शिकतो हे त्याला कुणीतरी सांगितलं.

"काय मास्तर, वाचता येतंय न्हवं पडद्यावरचं?"

"येतं. पण मला लोकांपुढं बोलता येत नाही."

"अंधार असतोय वो. लोकास्नी तुम्ही दिसत न्हाय, तुम्हास्नी लोक दिसत न्हाईत. बोला की बिनधास्त."

आणि खरोखर तसंच झालं. अंधारात मला बोलता येत होतं. वर्गात न फुटणारा आवाज तिथं फुटला. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात या आनंदाचाही वाटा आहे.

त्या डब्यांत एक विलायती चित्र होतं, ग्रीक पुराणातलं. एक गवई. त्याचं लग्न होतं आणि त्याच दिवसांत त्याच्या बायकोला साप चावतो. ती मरते. तो तंतुवाद्य घेऊन पाताळात उतरतो, गाऊन तिथल्या राजाचं मन वळवतो. राजा म्हणतो, ने तिला. पण तू पुढं चालायचं, ती मागून येईल, आणि उजेडात पोचेपर्यंत तू मागं वळून पाहायचं नाही. यांची ग्रीक नावं मला पाठ होती. मालकानं ती बोलू दिली नाहीत. "गवई म्हना, गवयाची बायकू म्हना, आन् त्यो राजा म्हंजे यम. झालं. परदेशी नावं बोलत बसला तर लोक उठून भजी खायला जातील."

पहिल्या संध्याकाळी तंबू अर्धा भरला होता. एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये. पाताळाच्या दारावर तीन डोक्यांचं कुत्रं आलं. ते कातडं पांघरलेली दोन माणसं होती हे उघड दिसत होतं. बाप्यांच्या बाजूनं आवाज आला, "दत्ताला चार कुत्री पोसावी लागत्यात. ह्यो यम हुशार, एकाच कुत्र्याला तीन डोकी!" सगळे हसले.

पण यमानं अट घातली तिथं हसू थांबलं. मी समजावून सांगू लागलो, की असा तिकडचा नियम होता, मागं पाहायचं नाही, कारण... तेवढ्यात बायांच्या पुढच्या रांगेतून एक म्हातारी म्हणाली, "कळलं रं बाळा. मसणातनं येताना आपुन तरी कुठं माघारी बघतो?"

मला पुढचं काही सांगावं लागलं नाही. पाताळाचा तो भाग निळ्या रंगात बुडवलेला होता. गवई चालतोय, मागं दहा पावलांवर ती बाई, चेहरा झाकलेला. यंत्राच्या खटखटीखेरीज तंबूत आवाज नव्हता. उजेड दिसू लागतो, आणि शेवटच्या पायरीवर तो वळतो. ती हात पुढं करते आणि मागच्या मागं अंधारात ओढली जाते. चित्र संपलं. कंदील लावले तेव्हा बाया मुकाट्यानं उठल्या. म्हातारी जाताना तंबूच्या दाराशी थुंकली.

दुसऱ्या संध्याकाळीही तेच. तिसऱ्या सकाळी मी गेलो तर मालक पाटावर बसून ब्लेडनं फीत खरवडत होता. पहिल्या डब्यातला लग्नाचा अर्धा भाग त्यानं कापून काढला होता. तो शेवटच्या डब्यात, गवई वळण्याच्या आधी, चिकटवत होता. वळण्याचा तुकडा त्यानं वेगळ्या डबीत घातला.

"हे काय?"

"बायकू परत आणली," तो म्हणाला. "पायऱ्या चढून आली, उजेडात आली, आन् परत वरात. लगीन बघून लोक खूश हुतील. मरण घेऊन घरी जायला कोण येतंय तिकीट काढून?"

त्या संध्याकाळी लोकांनी शिट्या मारल्या. फेटे उडवले. मीही आवाज चढवून, "आणि अशी ती आली!" असं ओरडलो. नंतर झोपेपर्यंत मला बरं वाटत नव्हतं.

पुढच्या चार दिवसांत दोन गोष्टी घडल्या. शेजारच्या गावातून वखारीत येणाऱ्या एका बाईला नवरा लढाईत मेल्याचा कागद आला. ती पहिल्या संध्याकाळी तंबूत होती. आणि वखारीतल्याच दुसऱ्या बाईला आठ महिन्यांनी नवऱ्याचं पत्र आलं. तिनं वरातीचा खेळ पाहिला होता. या दोघी एकाच चाळणीवर बसत. आमच्या भागातून किती घरांतले बाप्ये तेव्हा पलटणीत होते, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही. त्यानंतर वखारीत पाला चाळताना काय बोलणं झालं, ते मी वहिनीकडून नंतर ऐकलं.

मालकाचं चिकटवणं काही पक्कं नव्हतं. मधूनच सांधा सुटायचा. मग वरातीचा तुकडा बाजूला पडायचा आणि घाईत तो डबीतला जुना शेवट लावायचा. त्यामुळं कधी ती यायची, कधी जायची. एका संध्याकाळी फीत पायऱ्यांवरच तुटली आणि ती बाई वर ना खाली, अशी पडदा पांढरा होईपर्यंत तिथंच उभी राहिली.

आठवडाभरात तिकिटाच्या खिडकीशी बाया विचारू लागल्या, "आज कोंची हाय? येणारी का जाणारी?"

"त्ये आमच्या हातात न्हाय, आक्का," मालक गंभीर तोंड करून सांगायचा. "वरनं ठरतंय."

बाया पदर सावरून, चप्पल तंबूबाहेर काढून आत जात. चप्पल काढायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एकीनं पडद्याच्या खाली नारळ ठेवला. अंधारात मला समोरच्या बायका दिसत नव्हत्या. पण गवई पायऱ्या चढू लागला, की त्यांचा श्वास थांबलेला ऐकू यायचा. मी जे बोलेन ते त्या कुणाचं तरी मरण किंवा जगणं म्हणून घरी नेणार होत्या.

घरी मी वहिनीला विचारलं, "वहिनी, तुम्ही तर जाणार नाही ना तंबूत?"

ती भाकरी थापत होती. "मी कशाला जाऊ? सगळ्या जात्यात खऱ्या. म्हणत्यात, देवानं बोलायचं टाकलं तरी पडदा बोलतोय." मग हसून म्हणाली, "भावजी, पडद्याच्या वतीनं तुम्हीच बोलताय न्हवं? मग तुम्हालाच इचारती की घरात बसून."

त्या हसण्यावर मी विश्वास ठेवला.

सुटीच्या सुरुवातीला बेळगावात मी आमच्या इंग्रजीच्या सरांकडे गेलो होतो. ग्रीक पुराणावरचं एक पुस्तक त्यांनी मला वाचायला दिलं होतं. त्यांचं एक वाक्य माझ्या डोक्यात घर करून होतं. ते म्हणाले होते, तो मागं वळला नसता तर गोष्टच उरली नसती. अडीच हजार वर्षं माणसं ही गोष्ट सांगतात ती तो वळला म्हणून. मला ते फार मोठं वाटलं होतं. आमच्या गावात हे ठाऊक असणारा मी एकटाच, असंही वाटलं होतं.

मी मालकाला म्हटलं, "हे बंद करा. रोज एकच शेवट दाखवा. रोज तेच झालं तर कौल कसला? आपोआप थांबेल सगळं."

"मास्तर, तंबू भरतोय वो."

"नाहीतर मी उद्यापासून येत नाही."

त्यानं विडी पेटवली. "बरं. रोज एकच तर एकच. वरातच ठिवू की मग. पक्का सांधा मारतो, सुटायचा न्हाय."

तो हे बोलला. मला चांगलं आठवतं. रोज वरात, असं तो स्वतःहून म्हणाला आणि मीच नको म्हटलं.

"ती वरात खोटी आहे," मी म्हणालो. "गोष्ट तशी नाही. लोकांना खरी गोष्ट दाखवा."

"खऱ्याचं तुम्हा शिकलेल्यांना काय पडलंय येवढं?" त्यानं डबी उघडली. "तुमच्या मनासारखं. पन शिव्या पडल्या तर माझ्या नावानं न्हाय."

त्या संध्याकाळी मी फार चांगलं बोललो. एवढं चांगलं मी त्याआधी बोललो नव्हतो आणि पुढंही बोलणार नाही. कौल मोडायचा म्हणून मी प्रत्येक शब्द जपून टाकत होतो. गवई का वळला, ते मी सांगितलं. त्याला मागून तिच्या पावलांचा आवाज येत नव्हता. सावलीच्या पावलांना आवाज नसतो. एवढी वर्षं वाट पाहिलेलं माणूस मागं आहे की नाही, हेच त्याला कळेना. न वळून तो काय करणार, असं मी म्हणालो. बायांच्या बाजूला कुणीतरी हुंदका गिळला. ती ओढली गेली. पडदा काळा झाला. मी बोलणं तिथंच थांबवलं.

कंदील लागले. बाया दारातून बाहेर पडत होत्या. वखारीतल्या पाच-सहा जणींच्या मध्ये वहिनी होती. हातात चप्पल होती.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. घरापर्यंतची वाट ती त्या बायांबरोबर चालली, आणि मी मागून.

सकाळी ती वखारीला निघण्याआधी मी धावत निपाणीला गेलो, मालकाकडून वरातीचा तुकडा मागून घेतला आणि वाटेवरच तिला गाठलं. बांधावर उभं राहून मी तिला सगळं सांगितलं. यंत्र, डबे, ब्लेड, सांधा. ज्या दिवशी सांधा टिकला त्या दिवशी येणारी, ज्या दिवशी सुटला त्या दिवशी जाणारी. यात देव नाही. काल तर मीच सांगून तो शेवट लावायला लावला.

"तुम्ही लावलासा?"

"हो. मीच."

"कशापायी?"

"कारण गोष्ट तशी आहे," मी म्हणालो.

मग मी फीत उन्हात धरली. नखाएवढी चित्रं एकाखाली एक. वाजंत्री, फुलं, नवरा-नवरी. तिनं डोळा जवळ नेऊन बराच वेळ पाहिलं.

"ह्यात ती परत आलीया?"

इथं मी खोटं बोलू शकलो असतो. एक शब्द पुरला असता. पण मी म्हणालो, "नाही वहिनी. हे लग्न आधीचं आहे. ती मरण्याच्या आधीचं. मालकानं तेच कापून शेवटी लावलं होतं."

"मग परत आल्यालं कुठाय?"

"ते... काढलेलंच नाही. तसं चित्रच नाही."

तिनं फीत माझ्या हातात परत दिली, हळू, मोडू नये अशी.

"म्हंजे ती आलीच न्हाय की कधी," ती म्हणाली. "हितनं-तितनं जोडून दावत हुता. भावजी, दोन वरसं मी बी तसंच करत हुती."

"पण आण्णाचा याच्याशी काय संबंध? ही ग्रीस देशातली गोष्ट आहे, वहिनी. फीत आहे नुसती."

"फूल तरी काय असतंय? फूलच असतंय. पडायचं तवा पडतंय." डोक्यावरचा पदर ओढून घेत ती पुढं निघाली. थोडं गेल्यावर थांबली, पण वळली नाही. तशीच समोर बघत म्हणाली, "तुमचं काय चुकलं न्हाय. तुम्ही खरं सांगितलासा. दुसऱ्या कुनी सांगितलं नसतं."

मला आजही रात्रंदिवस ऐकू येतं ते हेच. ती रागावली असती तर मी काहीतरी करू शकलो असतो.

पुढच्या सोमवारी तिचे वडील आले, पंच आले. आईला वाटलं, नेहमीसारखं उत्तर देईल. वहिनी उंबऱ्याबाहेर आली, खाली बसली, "माझा धनी गेला," म्हणाली आणि उखळाच्या काठावर दोन्ही मनगटं आपटली. हिरव्या काचा अंगणभर झाल्या. एक तुकडा तिच्या हातात शिरला होता, तो तिनं दातानं काढला. आई ओरडली, "अगं, कुनी सांगितलं तुला? कागद कुठाय? कागद दाव!" वहिनीनं माझ्याकडे पाहिलं नाही आणि माझं नावही घेतलं नाही. मी खांबाला धरून उभा होतो. सांगायला हवं होतं. तंबूतल्या अंधारात एवढं बोलणारा मी, उजेडात माझी जीभ उचलली नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला पाट लागला. आम्ही गेलो नाही. ती जाताना आईच्या पाया पडली आणि आण्णाची एक जुनी बंडी घडी करून ट्रंकेत ठेवली होती ती आईच्या हातात देऊन गेली. मालकानं तंबू उठवला आणि संकेश्वराकडे गेला. शेवटपर्यंत त्यानं रोज तोच खरा शेवट लावला. शिव्या पडल्या नाहीत. माझ्या बोलण्यामुळं लोक रडायला येतात, असं तो म्हणायचा.

मी बेळगावला परत आलो. आईनं घरात आण्णाचं ताट मांडायचं थांबवलं नव्हतं. गावातून पत्र आलं की आधी मी ते पालथं धरून बसायचो. मग लढाई संपली. कॉलेजला सुटी मिळाली, मुलं बाजारातून ओरडत गेली. मी खोलीवर बसून राहिलो. वहिनीला दिवस गेले आहेत, असं त्याच आठवड्यात कळलं होतं. बरं झालं, असं मी मनाशी म्हटलं. निदान तिची वाट तरी मोकळी झाली. आण्णा गेलाच असणार, असं मला त्या दिवसांत अगदी खरं वाटू लागलं होतं. तसं वाटणं मला हवं होतं, हे आता कळतं.

दिवाळीच्या थोडं आधी गावच्या मास्तरांच्या हातचं कार्ड आलं. आईनं सांगितलं तसं त्यांनी लिहिलं होतं. मी खोलीच्या दारात उभ्यानंच ते वाचलं.

तुझा भाऊ जिवंत आहे. तिकडं जपान्यांच्या कैदेत होता. आता मद्रासला लष्कराच्या इस्पितळात आणला आहे, अंगावर मांस नाही पण चालतो. कुणाकडून तरी लिहवून त्याचं पत्र आलं आहे. त्यात त्यानं तुझ्या वहिनीची खुशाली दोनदा विचारली आहे. मी अजून काही कळवलेलं नाही. पुढच्या महिन्यात तो घरी येतो. काय लिहायचं ते तू येऊन लिही.